डॉक्टर दाभोलकर : वैद्यक, मैत्र आणि घर

डॉ. नरेंद्र अच्युत दाभोलकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४५ रोजी साताऱ्यात झाला. अच्युत आणि ताराबाई दाभोलकर यांच्या दहा अपत्यांतले ते शेंडेफळ. घर शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे होते. थोरले बंधू देवदत्त दाभोलकर हे गांधी-विचारांचे शिक्षणतज्ज्ञ. ते पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे बंधू श्रीपाद अ. दाभोलकर गणिताचे जाणकार. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकरी स्वतःच्या रानात संशोधक होऊ शकतो हे दाखवून दिले. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी त्यांच्या सांगण्यावरून केलेले प्रयोग सांगली जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. तिसरे बंधू दत्तप्रसाद हे वैज्ञानिक आणि लेखक. थोरल्या भावाच्या आणि धाकट्याच्या वयात जवळजवळ एका पिढीचे अंतर होते. त्यामुळे विचार, वाद आणि सामाजिक जबाबदारी या गोष्टी नरेंद्र यांना जाणत्या वयाच्या आधीच घरात मिळाल्या.

घराबाहेरचे वातावरणही याला पोषक होते. १९४९ पर्यंत सातारा आणि सांगली हा मुलूख बराचसा एकाच जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सत्यशोधक चळवळ, कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था आणि बेचाळीसच्या लढ्यातले प्रतिसरकार ही या मुलखाची मिळकत. लग्नात हुंडा नको, भटजी नको, खर्च नको, हे इथल्या खेड्यांत प्रतिसरकारच्या काळातच लोकांनी ऐकलेले होते. अंधश्रद्धेविरुद्धचे काम पुढे याच भागातून उभे राहिले, त्यामागे ही जुनी मशागत होती.

शिक्षण : सातारा, सांगली, मिरज

दाभोलकरांचे शालेय शिक्षण साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले आणि महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात. दोन्ही संस्था डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या. शाळा १८९९ची, तर विश्रामबागेतले कॉलेज १९१९चे. पुढचा मुक्काम मिरजेत होता. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९७० मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले.

मिरज ही त्या वेळीही दवाखान्यांची नगरी होती. सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात दक्षिण महाराष्ट्रातून, कोकणातून आणि कर्नाटकातून पेशंट येत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थ्यांना मिशन हॉस्पिटल आणि सांगलीचे सिव्हिल हॉस्पिटल या दोन्ही ठिकाणी शिकायला मिळाले. बैलगाडीतून किंवा एस.टी.ने आणलेला, आधी चार ठिकाणी उतारे-तोडगे करून मग डॉक्टरकडे पोचलेला रुग्ण या वॉर्डांतून रोज दिसे. वैद्यकाचे पुस्तक आणि पेशंटचे जग यांत किती अंतर असते, हे समजायला मिरजेसारखी जागा नव्हती.

कॉलेजच्या वर्षांत दाभोलकरांची ओळख कबड्डीपटू म्हणून होती. शिवाजी विद्यापीठाच्या संघाचे ते कप्तान होते. पुढे बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यांत ते भारताकडून खेळले आणि महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही त्यांना मिळाला. तालुक्याच्या मैदानावर गावोगावच्या पोरांबरोबर खेळल्याने त्यांना लोकांत मिसळायची सवय लागली. नंतरच्या काळात ती त्यांच्या फार उपयोगी पडली.

दवाखाना

पदवीनंतर दाभोलकरांनी साताऱ्यात वैद्यकीय व्यवसाय सुरू केला आणि सुमारे बारा वर्षे तो केला. याच काळात डॉ. बाबा आढाव यांच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहिमेत आणि समतेच्या इतर चळवळींत ते ओढले गेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पूर्णवेळ सामाजिक काम पत्करले. या निर्णयाचा ‘त्याग’ म्हणून गौरव होतो. तो योग्यच आहे, पण अपुरा. पुढच्या तीस वर्षांचे काम नीट पाहिले, तर त्यांनी वैद्यक सोडले नाही, त्याचा आवाका वाढवला, हे ध्यानात येते.

जिल्ह्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरपुढे जे येते, त्यातून हा धागा उलगडतो. साप चावलेला माणूस आधी मांत्रिकाकडे किंवा देवळात नेला जातो. आपल्याकडे आढळणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी. विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात आणि त्यांचे श्रेय मंत्राला जाते. खरे विष भिनलेला मात्र प्रतिविष मिळायच्या आत दगावतो आणि त्याचा दोष नशिबाला जातो. काविळीचेही तसेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांच्या विश्रांतीने आपोआप उतरते. पण गळ्यात घातलेली माळ किंवा हातावरून उतरवलेले पिवळे पाणी त्याचे मानकरी ठरतात. यकृताचा गंभीर आजार असलेला रुग्ण याच भरवशावर उशिरा येतो. अपस्मार, उन्माद किंवा खोल निराशा असलेल्या माणसाला ‘बाहेरची बाधा’ म्हणून साखळीने बांधून मारले जाते. त्यात बायका जास्त असतात.

औषध देणारा डॉक्टर या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असतो. रुग्ण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच बरेचसे ठरून गेलेले असते. मधल्या वाटेवर काम करायचे, तर गावातल्या माणसाच्या विचार करण्याच्या रीतीपर्यंत जावे लागते. दाभोलकरांच्या पुढच्या कामाचा आराखडा इथेच आहे.

चळवळीतले वैद्यक

१९८०च्या दशकात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आलेल्या दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. समितीची चतुःसूत्री महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे : शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक आणि कालसुसंगत चिकित्सा, आणि व्यापक समाजपरिवर्तनाच्या चळवळींशी नाते. पहिल्या सूत्रातले ‘शोषण करणाऱ्या’ हे विशेषण फार विचारपूर्वक घातलेले आहे. माणसाच्या श्रद्धेवर सरसकट हल्ला करायचा नाही. जिथे त्या श्रद्धेच्या आडून कुणी पैसा, देह किंवा जीव हिरावून घेतो, तिथे आडवे यायचे.

दाभोलकरांची रीत अनुभवी डॉक्टरची होती. आधी ऐकून घ्यायचे, मग तपासायचे, मग समजावून सांगायचे. घरात कपडे पेटतात, अन्नात राख पडते अशी भानामतीची तक्रार आली, की कार्यकर्ते त्या घरी जाऊन सगळ्यांशी स्वतंत्रपणे बोलत. बहुतेक वेळा त्यामागे घरातल्याच एखाद्या कोंडलेल्या, दुखावलेल्या व्यक्तीचे मन असे. तिला चव्हाट्यावर आणायचे नाही, तिचे नाव उघड करायचे नाही आणि तिला मदत मिळवून द्यायची, हा दंडक होता. अंगात येणाऱ्या बाईची टिंगल करायची नाही, हाही तसाच. एरवी घरात जिचा शब्द कुणी ऐकत नाही, तिच्या अंगात आले की सगळे हात जोडतात. हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर उपाय चालत नाही, अशी त्यांची मांडणी होती. ‘प्रश्न मनाचे’ हे मनोविकारांवरचे पुस्तक त्यांनी मुलगा डॉ. हमीद यांच्याबरोबर लिहिले, ते याच दिशेने.

दावा कितीही मोठा असो, तो चाचणीला बसला पाहिजे, हा आधुनिक वैद्यकाचा नियम. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाख रुपयांचे आव्हान समितीने याच नियमाने दिले. फलज्योतिषाची २००८ मधली चाचणी याचे सर्वांत नेटके उदाहरण आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगात दाभोलकर सहभागी होते. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवल्या गेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवून, कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून ठरवले असते, तर ५० टक्के आले असते. नवे औषध तपासताना जी शिस्त पाळतात, तीच इथे पाळली गेली आणि निकाल कुणाचाही अपमान न करता लोकांपुढे ठेवला गेला.

व्यसनमुक्ती हा या कामाचा दुसरा हात. साताऱ्यात त्यांनी ‘परिवर्तन’ ही संस्था आणि तिचे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. दारू हा दुर्गुण नसून आजार आहे, म्हणून दारुड्याला शिव्या देऊन भागत नाही, ही वैद्यकीय समज आणि ‘चला, व्यसनाला बदनाम करू या’ ही सामाजिक हाक ‘परिवर्तन’मध्ये एकत्र आली. आजाऱ्याला जवळ घ्यायचे आणि आजाराची प्रतिष्ठा काढून घ्यायची, असा तो दुहेरी उपचार होता.

मैत्र

दाभोलकरांच्या मित्रमंडळाकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दवाखाना मागे ठेवून निघालेले डॉक्टर त्यात बरेच होते. पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालवणारे बाबा आढाव हमालांच्या संघटनेत गेले. एम.बी.बी.एस. झालेले अनिल अवचट लेखणीकडे वळले. ‘संभ्रम’मध्ये त्यांनी बुवाबाजीचा धांडोळा घेतला आणि डॉ. अनिता अवचट यांच्यासह १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभारले. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक डॉ. श्रीराम लागू पूर्णवेळ रंगभूमीवर आले.

लागूंचा जन्मही साताऱ्याचाच, १९२७चा. दाभोलकरांपेक्षा ते अठरा वर्षांनी मोठे. या दोघांची मैत्री मराठी सार्वजनिक जीवनातले एक सुंदर उदाहरण आहे, कारण ती मतभेदावर उभी होती. लागू उघड निरीश्वरवादी होते. देवाची कल्पनाच आता निवृत्त करावी, असे ते लिहीत आणि बोलत. समितीची भूमिका वेगळी होती : देव मानण्या-न मानण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे, समितीचा विरोध आहे तो शोषणाला. हा मतभेद झाकण्याऐवजी दोघांनी तो व्यासपीठावर नेला. ‘विवेकजागर’च्या वाद-संवादात लागू आपली बाजू मांडत, दाभोलकर समितीची मांडत आणि मग श्रोत्यांचे प्रश्न घेतले जात. गावोगावच्या सभागृहांत लोक नटसम्राटाला पाहायला येत आणि विचार करायची सवय घेऊन परतत. दोन मित्र एकमेकांचा आदर राखून टोकाचे वेगळे बोलू शकतात, हे पाहणे हेही त्या श्रोत्यांचे शिक्षणच होते.

सामाजिक कृतज्ञता निधी हे या मैत्रीचे दुसरे फळ. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरची चूल कशी पेटायची, हा प्रश्न चळवळींना नेहमी छळतो. लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी मानधन न घेता आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. त्यांतून उभ्या राहिलेल्या निधीच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची सोय झाली. या सगळ्या खटाटोपाच्या बांधणीत दाभोलकर अग्रभागी होते.

सांगली जिल्ह्याने त्यांना दोन भक्कम आधार दिले. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते, रयत शिक्षण संस्थेचे धुरीण आणि समितीचे अध्यक्ष. आमदारकी आणि मंत्रिपद पाहिलेला हा नेता वयाच्या सत्तरीतही समितीच्या मोर्चात पुढे चाले. २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात पाटील, लागू, आढाव आणि कार्यकर्त्या पुष्पा भावे हे सगळे दाभोलकरांबरोबर होते. तिथे स्त्रियांना प्रवेश मिळायला एप्रिल २०१६ उजाडावे लागले. दुसरा आधार प्रा. प. रा. आर्डे यांचा. समितीचे मुखपत्र ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ अनेक वर्षे सांगलीतून निघत राहिले, त्याच्या संपादनाची धुरा विज्ञानाच्या या प्राध्यापकाने वाहिली. संघटनेचे कार्यालय साताऱ्यात आणि मुखपत्र सांगलीत, अशी ही विभागणी होती. दाभोलकरांच्या तरुणपणीच्या दोन गावांमध्येच चळवळीचे घर वसले.

घर

पत्नी डॉ. शैला याही डॉक्टर. पतीने व्यवसाय थांबवल्यावर घराची आर्थिक आणि रोजची जबाबदारी मुख्यतः त्यांनी पेलली. चळवळींच्या इतिहासात असा वाटा सहसा एका ओळीत उरकला जातो. प्रत्यक्षात पूर्णवेळ कार्यकर्त्याचे स्वातंत्र्य घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नियमित कष्टांवर उभे असते. दाभोलकरांच्या तीस वर्षांच्या कामात डॉ. शैला यांचा भाग म्हणूनच मोलाचा आहे.

मुलाचे नाव त्यांनी हमीद ठेवले, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई यांच्या आठवणीसाठी. स्वतःच्या समाजात सुधारणेचा कठीण लढा देणाऱ्या माणसाचे नाव हिंदू घरातल्या मुलाला देणे, ही त्या जोडप्याची भूमिका होती. हमीद मनोविकारतज्ज्ञ झाले आणि साताऱ्यात ‘परिवर्तन’च्या कामात राहिले. मुलगी मुक्ता वकील झाली. वडिलांच्या कामाचे दोन मुख्य प्रवाह म्हणजे मनाचे आरोग्य आणि कायदा. ते दोन्ही मुलांच्या व्यवसायांत उतरले.

१९९८ मध्ये दाभोलकर ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक झाले. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले हे साप्ताहिक त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत, पंधरा वर्षे सांभाळले. त्याला नवे वाचक मिळवून दिले आणि बालकुमार दिवाळी अंक शाळाशाळांत पोचवला. त्यामुळे त्यांचा आठवडा पुण्यातले संपादन, राज्यभरातले दौरे आणि साताऱ्यातले घर यांत वाटला गेला. प्रवासासाठी त्यांचा भरवसा एस.टी.वर असे. धमक्या येत असूनही त्यांनी पोलीस संरक्षण घेतले नाही.

कायदा आणि अखेर

नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा व्हावा, ही मागणी दाभोलकरांनी १९९०च्या दशकापासून लावून धरली. मसुदे झाले, विरोध झाला, कलमे वगळली गेली, विधेयके अडली. त्या प्रत्येक वळणावर त्यांनी मोर्चे, उपोषणे, निवेदने आणि आमदारांच्या भेटी यांचा क्रम सोडला नाही. हे विधेयक धर्माविरुद्ध आहे, या आक्षेपाला त्यांनी शेकडो सभांत शांतपणे उत्तर दिले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता. मिरजेच्या वॉर्डांत ज्या रीतीने ते डॉक्टर झाले, त्याच रीतीने पुढच्या विद्यार्थ्यांना आपला देह उपयोगी पडावा, अशी त्यात सोय होती. पण अनैसर्गिक मृत्यूमुळे शवविच्छेदन करावे लागले आणि देह वैद्यकीय शिक्षणासाठी वापरता आला नाही. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना अंत्यसंस्कार झाले. अग्नी मुलगी मुक्ता यांनी दिला. रक्षा त्यांच्या शेतात पसरवण्यात आली.

त्याच महिन्यात राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ प्रतिबंधक कायद्याची अनुसूची वाचली, की ती घडवणारा माणूस डॉक्टर होता, हे लपत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा त्यातला पहिलाच गुन्हा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, बोटाने शस्त्रक्रिया करण्याचा किंवा गर्भाचे लिंग बदलण्याचा दावा करणे, मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून धंदा करणे हेही गुन्हे त्यात आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हा कायदा लागू नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दाभोलकर सभांतून जे सांगत आले, तेच कायद्याच्या भाषेत आले. २०१७ मध्ये कर्नाटकानेही याच धर्तीचा कायदा केला.

२०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी हत्येचा तपास उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. दाभोलकरांच्या शेवटच्या वर्षातल्या, समितीच्या जातपंचायतविरोधी मोहिमेलाही फळ आले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला.

‘साधना’चे अंक त्यांच्यामागेही दर आठवड्याला निघत राहिले, साताऱ्यात ‘परिवर्तन’चे काम चालू राहिले आणि समितीचे कार्यकर्ते तक्रार आलेल्या घरी पोचत राहिले. कायद्याखाली पोलिसांत गुन्हे नोंदवले जातात, खटले चालतात आणि शिक्षाही होतात. साप चावलेल्या माणसाला आता मांत्रिकाने अडवले, तर त्याच्या घरच्यांच्या हाती कायद्याचे कलम आहे. ते सातारा-सांगलीच्या प्रत्येक वाडीपर्यंत माहीत करून देणे आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष असेल याची खात्री करणे, हे डॉक्टरांच्या कामाचे राहिलेले अर्धे अंग आहे, आणि ते करण्यासाठी कुणी डॉक्टर असण्याची गरज नाही.